साथ आली की लोक घाबरणारच. सोसायटीने काय करायचं?

धायरीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं आहे: जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली, तेव्हा त्यांच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना तो आजार झाला. ग्रुपवर रात्रंदिवस फॉरवर्ड सुरू झाले, कामवाल्या मावशींना गेटवरच अडवलं, दोन कुटुंबं मुलांना घेऊन गावी निघून गेली आणि काकांच्या घरच्यांशी लोकांनी बोलणं टाकलं. काका घरी आल्यावरही कितीतरी दिवस लोक त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये जायला तयार नव्हते, काही जण अजूनही टाळतात. त्यांचा प्रश्न असा: 'पुढच्या वेळी लोकांना घाबरू न देता माहिती कशी द्यायची? आणि शिकली-सवरलेली माणसं अशी का वागतात?'

मी डॉक्टर आहे आणि पुण्यात सार्वजनिक आरोग्याचं काम करते. स्वाइन फ्लूपासून जीबीएसपर्यंतच्या साथींमध्ये वस्त्यांत आणि सोसायट्यांत फिरले आहे. त्यावरून लिहिते. थोडं लांबेल.

आधी प्रश्न जरा वेगळा मांडते. लोकांना घाबरू न देणं तुमच्या हातात नाही, आणि त्याची गरजही नाही. घाबरलेला माणूस दोन गोष्टी शोधत असतो: मी आत्ता काय करू, आणि हे कुणामुळे आलं? पहिल्याचं उत्तर वेळेवर मिळालं नाही की तो दुसऱ्याच्या मागे लागतो. तुमच्या सोसायटीत तेच झालं. पाणी उकळा, टाकी तपासा, जुलाब झाले तर अमुक ठिकाणी दाखवा, असं पहिल्या दिवशी कुणी ठामपणे सांगितलं नाही. मग काका सापडले, मावशी सापडल्या. खरं नुकसान इथे होतं, कारण ज्या घराने आजार उघड सांगितला त्या घरालाच त्याची किंमत मोजावी लागली. हे बाकीच्या सगळ्या फ्लॅट्सनी पाहिलं. पुढच्या वेळी कुणाच्या घरी काही झालं तर ते घर सांगेल का? मला तुमच्या ग्रुपवरच्या घबराटीपेक्षा याची जास्त काळजी वाटते.

भीती म्हणजे अडाणीपणा, हे मला मुळीच पटत नाही. प्लेगच्या काळात आपल्याकडे गावात उंदीर पडायला लागले की लोक घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहत. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून तो माणसात येतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. पिसवांचं कुणाला ठाऊक नसतानाही घर सोडणारी माणसं योग्यच करत होती. मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा दुसरं शरीर शोधतात, आणि तेव्हा त्या घरात नसणं हाच त्या काळी उत्तम बचाव होता. त्या भीतीला काम मिळालं होतं आणि ते काम बरोबर होतं.

त्याच प्लेगमध्ये, याच शहरात, उलटंही घडलं. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात साथ वाढली, रँडच्या हाताखाली प्लेग कमिटी आली आणि गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले. आजारी माणसाला उचलून न्यायचं, घरच्यांना वेगळं ठेवायचं, सामान बाहेर काढून जाळायचं. साथरोग कायदाही त्याच वर्षीचा. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते आपण शाळेत शिकतो. आधीच्या महिन्यांकडे आरोग्याच्या अंगाने मात्र आपण फारसं पाहत नाही. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. ताप आलेलं माणूस माळ्यावर किंवा आतल्या खोलीत ठेवायचं, मृत्यूही लपवायचा. जंतूला याहून सोयीचं काही नसतं. आणि त्याच महिन्यांत हडपसरजवळ ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांचा दवाखाना चालू होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे आणलं असं सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शहर एक, आजार एक. एका ठिकाणी नेलं जाण्याची दहशत होती, दुसऱ्या ठिकाणी आपलं माणूस घ्यायला येत होतं. मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा सुरुवात इथूनच करते.

हे फक्त इंग्रजी राजवटीत झालं असंही नाही. २०१४ ते २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाने ११ हजारांहून जास्त माणसं गेली. सुरुवातीला पथकं येऊन मृतदेह पिशवीत घालून घेऊन जायची, घरच्यांना शेवटचं दर्शनही नाही. लोक प्रेतं लपवायला लागले, रात्री गुपचूप पुरायला लागले, आणि इबोला तर मृतदेहाच्या स्पर्शातूनही पसरतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने अंत्यविधीची पद्धतच बदलली: नातेवाईक सुरक्षित अंतरावर उभे राहतील, त्यांच्या धर्माप्रमाणे प्रार्थना होईल, कबरीवर नाव लागेल. संसर्ग रोखायचे नियम सैल केले नव्हते, माणसाचा मान मात्र राखला होता. साथ आटोक्यात येण्यात त्याचा मोठा वाटा होता.

आणि आपण? राज्यातले पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले आणि त्यांची ओळख लगेच मोबाइलवर फिरली. पुढे एका वस्तीत घरोघर तपासणी करताना एक ताई दारात आडवा हात लावून उभ्या राहिल्या. 'आमच्यात कुणी आजारी नाही मॅडम.' आतून खोकल्याचा आवाज येत होता, तो त्यांनाही ऐकू येत होता आणि मलाही. मी पायरीवरच बसले. आमच्या आशाताई (आशा कार्यकर्त्या) त्याच गल्लीतल्या, त्यांनी पाणी मागितलं. थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, 'यांना नेलं तर हातगाडी कोण लावणार? आणि पोरीचं लग्न ठरलंय.' त्यांना खोकल्याची भीती कमी होती. दाराला लागणारा पत्रा, गल्लीत उभी राहणारी अँब्युलन्स आणि त्यानंतरची कुजबुज, यांची भीती जास्त होती. त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी उभी करायची, सायरन लावायचा नाही, घरी रेशन कोण पोचवणार ते आधी ठरवायचं, एवढं कबूल केल्यावर नवरा स्वतःहून बाहेर आला.

नर्स आणि डॉक्टरांना भाड्याची घरं सोडायला लावणारे लोक सुशिक्षितच होते. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले व्हायला लागले तेव्हा एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम काढून १८९७ च्या त्याच कायद्यात सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद करावी लागली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. शिक्षणाने जंतूची माहिती मिळते, पण जीव धोक्यात आहे असं वाटल्यावर माणूस शेजाऱ्यांकडे बघून वागतो. पहिले दोन-तीन लोक काय करतात त्यावर बाकीचे ठरवतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण प्रत्येक साथीला एकच सल्ला चालत नाही. पहिला प्रश्न नेहमी हाच: हा आजार माणसात येतो कुठून? फ्लू आणि कोविड श्वासातून येतात, तिथे अंतर, मास्क आणि आजारी माणसाने घरी थांबणं याला अर्थ आहे. जून २०२४ मध्ये एरंडवण्यात झिका सापडला. तो मुख्यतः एडिस डासातून येतो, म्हणजे रुग्णाला टाळून फायदा नाही. कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरची उघडी टाकी बघायची, आणि गरोदर बायकांना जपायचं. निपाह विषाणूच्या आजारात रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना खरा धोका असतो, तिथे घरच्यांनी वेगळं राहणं गरजेचं आहे. सगळीकडे एकच भीती वापरली तर ती जिथे हवी तिथे पुरत नाही.

जीबीएस मुळात संसर्गजन्य नाही. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते, तो हा आजार. तो नवाही नाही, एरवीही वर्षाला लाखात एक-दोन जणांना होतो. जानेवारी २०२५ मध्ये वेगळं हे होतं की एकाच भागातून थोड्या दिवसांत खूप रुग्ण आले. एकूण दोनशेहून जास्त रुग्ण झाले आणि दहा-बारा माणसं दगावली. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. पोट बिघडतं, ते बरं होतं, आणि एक ते तीन आठवड्यांनी फार थोड्या लोकांच्या पायातली ताकद जायला लागते. म्हणजे काका पडले तोवर त्यांच्या पोटातला जंतू बहुतेक येऊन गेलेला होता. त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये उभं राहून कुणालाही काही होणार नव्हतं. त्याच लिफ्टने वर जाऊन जो तो ज्या नळाचं पाणी पीत होता, प्रश्न त्या पाण्याचा होता.

म्हणून तुमच्या सोसायटीच्या भीतीला द्यायचं काम म्हणजे पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते रोज तपासायचं. आमच्या खात्यात याला ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट म्हणतात, गावागावांत आरोग्य कर्मचारी ती करतात. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ओटी द्रावणाचे किटवर दिले असतील तेवढे थेंब टाकायचे आणि रंग लगेच बघायचा. पिवळा झाला तर क्लोरीन आहे, डबीवरच्या पट्टीशी रंग जुळवून किती ते कळतं. पाणी पांढरंच राहिलं तर क्लोरीन नाही. शेवटच्या नळाला किमान ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन तरी यायला हवं. द्रावण टाकलेलं नळीतलं पाणी प्यायचं नाही, हाताला लागू द्यायचं नाही, टाकून द्यायचं. बहुतेक सोसायट्या इथे चुकतात: खालच्या टाकीतलं किंवा पंपाजवळचं पाणी तपासतात. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या, पंपापासून सगळ्यात लांबच्या स्वयंपाकघरातलं घ्या. टँकर मागवत असाल तर टाकीत ओतण्याआधी टँकरचं वेगळं तपासा. आरओमधून आलेल्या पाण्यात क्लोरीन मिळणार नाही, कारण तो फिल्टरच क्लोरीन काढून टाकतो. म्हणूनच आरओचं पाणी साठवून ठेवलं आणि भांडं अस्वच्छ असलं की ते पटकन दूषित होतं. त्या साथीत सिंहगड रोड भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने सदोष निघाले आणि महापालिकेने ते बंद केले, हे आठवत असेल. जारचं पाणी म्हणजे शुद्ध, हा समज तिथे महागात पडला.

साथ चालू असताना पिण्याचं पाणी खळखळून उकळायचं. ते जमत नसेल तर मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं द्रावण) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. चिकन पूर्ण शिजलं की कॅम्पायलोबॅक्टर मरतो. कच्चं चिकन ज्या पाटावर कापलं त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरू नका, एवढं पाळलंत तरी पुष्कळ झालं.

आता ग्रुपवरचा मेसेज. 'घाबरून जाऊ नका' हे वाक्य मी लिहीत नाही. ज्याला आधीच धडकी भरली आहे त्याला वाटतं, हे काहीतरी लपवत आहेत. मी साधारण असं लिहिते:

'आपल्या बिल्डिंगमधल्या एका रहिवाशांना जीबीएस झाल्याचं निदान आहे, उपचार चालू आहेत. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. तो पाण्यातून आलेल्या जंतूनंतर होऊ शकतो, म्हणून आजपासून सगळ्यांनी पाणी उकळून प्यावं. पाणी आपल्याच टाकीतून दूषित झालं की बाहेर, हे अजून कळलेलं नाही. नमुने आज दिले आहेत. घरात कुणाला जुलाब असतील, किंवा हातापायात मुंग्या, अशक्तपणा, चालताना तोल जाणं, गिळायला त्रास असं काही असेल तर थांबू नका, लगेच हॉस्पिटलला जा. मदत लागली तर या दोघांना फोन करा, नाव कुठेही सांगितलं जाणार नाही. पुढचा मेसेज आज रात्री ८ वाजता.'

यात 'अजून कळलेलं नाही' हे वाक्य लोकांना काढून टाकावंसं वाटतं. काढू नका. दोन दिवसांनी माहिती बदलली तर लोक म्हणतील, यांनी आधीच सांगितलं होतं. आणि रात्री ८ म्हटलं की ८ वाजता मेसेज गेलाच पाहिजे, नवीन काही नसलं तरी 'नवीन काही नाही, रिपोर्ट उद्या येईल' एवढा तरी. मधल्या शांततेतच फॉरवर्ड शिरतात. रुग्णाचं नाव आणि फ्लॅट नंबर त्या घराने परवानगी दिल्याशिवाय लिहायचा नाही, आणि लोकांना अंदाज आहे म्हणून दुजोराही द्यायचा नाही.

फॉरवर्ड टाकणाऱ्याला ग्रुपवर झापू नका. त्याला वेगळा फोन करा आणि काम द्या. ओटी टेस्ट रोज कोण करणार, ज्येष्ठांच्या घरी उकळलेलं पाणी कोण पोचवणार, वॉर्ड ऑफिसला नमुन्यांचा पाठपुरावा कोण करणार? सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस हे काम बहुधा सगळ्यात चोख करतो, असा माझा अनुभव आहे. रोज नळीत पिवळा रंग स्वतः पाहिला की त्याचा फोटो तोच ग्रुपवर टाकतो, आणि तो फोटो तुमच्या दहा मेसेजपेक्षा जास्त वाचला जातो.

आणखी एक करा: भीतीला एकच दरवाजा ठेवू नका. ३ ऑगस्ट २००९ ला देशातला पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू पुण्यात झाला आणि दुसऱ्या दिवसापासून नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या. ताप असलेले आणि ताप नसलेले, तोंडाला रुमाल-ओढण्या बांधून तासन्‌तास एकमेकांना चिकटून उभे. श्वासातून पसरणाऱ्या आजारात ती रांगच धोक्याची होती. पुढे तपासणीची केंद्रं वाढली तशी ती गर्दी पांगली. तुमच्या पातळीवर याचा अर्थ असा की जवळचे दोन-तीन फॅमिली डॉक्टर, महापालिकेचा जवळचा दवाखाना आणि न्यूरोलॉजिस्ट व आयसीयू असलेलं हॉस्पिटल यांची यादी आधीच तयार असावी. जीबीएसचे उपचार महाग आहेत, तेव्हा महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जवळची कोणती हॉस्पिटलं येतात तेही त्याच कागदावर लिहा. रात्री दोन वाजता ते शोधायची वेळ येऊ नये.

मावशींबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. त्यांना गेटवर अडवून तुमच्या टाकीतला एकही जंतू कमी झाला नाही. त्या परिसरातच राहत असतील तर धोका त्यांच्या घरच्या नळालाही तेवढाच होता, आणि त्यांच्याकडे पर्याय तुमच्यापेक्षा कमी. जुलाब होत असताना स्वयंपाकाला येणं मात्र खरंच टाळायला हवं, आणि तसं त्या तेव्हाच सांगतील जेव्हा सांगितल्यावर पगार कापला जाणार नाही. सोसायटीच्या सभेत ठराव करा: साथीच्या काळात आजारपणाची भरपगारी सुट्टी. वॉचमन आणि सफाई कामगारांनाही. आणि मेडिक्लोरच्या बाटल्या आणाल तेव्हा चार त्यांच्या घरीही द्या.

काकांचं काय? जीबीएसमधून बहुतेक लोक बरे होतात, पण महिनेच्या महिने जातात, काहींच्या पायात अशक्तपणा रेंगाळतो. फिजिओथेरपी रोज करावी लागते आणि घरातलं माणूस थकतं. तुम्ही सेक्रेटरी आहात, तर ग्रुपवर आजाराची माहिती आणखी एकदा टाकण्याआधी त्यांच्या घरी जा. त्या साथीत सोसायटी चुकली, हे त्यांच्या तोंडावर सांगा. चहा घ्या. मग त्यांना विचारा की खाली चालायला कितीला येता, आणि त्या वेळी चेअरमन आणि आणखी दोघांना घेऊन लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर उतरा, आठवडाभर, रोज. एंट्रन्सच्या पायऱ्यांना एका बाजूला कठडा नसेल तर तो याच महिन्याच्या मेंटेनन्समधून बसवून घ्या. काकांना तो लागेल, आणि बिल्डिंगमध्ये बाकीचे ज्येष्ठही असतीलच.